मागच्या दाराचा उजेड

पप्पू सुतारानं वरच्या बिजागरीखाली पटाशी घातली तशी अंजनाबाई पुढं झाली.

"चांगलं भरभक्कम दार हाय. कशापायी काढताय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"डोळ्यात बोट घातलं तरी दिसत न्हाई घरात," सावळाराम म्हणाला. "काढ रं पप्पू."

सावळाराम मालगाडीवर ड्रायव्हर होता. दौंडला तीस वर्षं नोकरी झाली होती आणि रिटायर व्हायला चार वर्षं राहिली होती. गेल्या दिवाळीपासून त्याला स्वतःचं घर अंधारं वाटू लागलं. आधी त्यानं चाळीसचा बल्ब काढून शंभरचा लावला, मग भिंतींना चुना दिला. तरी ताटातलं मीठ चाचपडावं लागे. शेवटी सगळा दोष स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर आला. दोन इंच जाड फळ्यांचं ते दार, त्यातून उजेडाचा कवडसा येईल तर शपथ. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. सावळारामचं अंगण म्हणजे हे दार होतं.

सोमवारी त्याची मेडिकल होती. डोळ्यांत नापास झालेला ड्रायव्हर इंजिनावरून खाली उतरतो तो कायमचा. दवाखान्यात स्वतःहून जायचीही त्याला भीती वाटे, कारण एकदा कागदावर चढलं की संपलं. डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं मात्र त्यानं ओळीनं पाठ करून ठेवली होती. घर एकदा उजळलं की आपलंही ठीक होईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

इंजिनावर सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट, दोघांनीही त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा असा नियम आहे. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची चुकू नये म्हणून. अलीकडे सावळाराम घटकाभर थांबे. असिस्टंट विनोद "हिरवा" म्हणाला की मग हाही "हिरवा" म्हणे. तो आवाज इतका ठाम असे की त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसे.

दुपारी दोनपर्यंत नवं दार बसलं, वरच्या अर्ध्या भागाला काच. ऊन थेट ओट्यापर्यंत आलं. सकाळपासून कुरकुरणारी अंजनाबाई डब्यांमागची जळमटं बघून स्वतःच ओशाळली आणि झाडू घ्यायला धावली. पप्पू आपली हत्यारं गोळा करून खुशीत गेला.

"आण ते तांदूळ. मी निवडतो," सावळाराम म्हणाला.

तो परात घेऊन काचेपाशी बसला. हाताला ऊन लागत होतं, पण परातीत नुसता पांढरा ढीग होता. त्यानं परात दाराकडं सरकवली, मांडीवर घेतली, मग नाकापाशी नेली. उजेड वाढला तसं सगळं आणखीच पांढरं होत गेलं. अंजनाबाई झाडू टाकून समोर बसली. तिनं ढिगातून एकामागून एक तीन काळे खडे उचलले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

त्यानं ते खडे बोटानं चाचपून पाहिले.

"दार झ्याक झालंय," तो म्हणाला. "मलाच दिसत न्हाई."

चारची गाडी होती, मनमाडकडची. साडेतीनला विनोद बॅग घेऊन बोलवायला आला, तेव्हा सावळाराम गणवेश घालून दारापुढच्या ओट्यावर बसला होता. त्यानं विनोदला सरळ सांगून टाकलं, सिग्नल दिसत नाहीत म्हणून.

विनोदनं मान खाली घातली. "मला ठावं हाय, मामा. म्हणून तर मी आधी म्हणतो."

"कवापासनं?"

"गणपतीपासनं."

सावळारामला वाटलं, आपल्याला कुणीतरी भर चौकात उघडं केलं. एवढे महिने पोरानं सांभाळून घेतलं होतं, आणि हा मिशीला पीळ देत होता. विनोद म्हणाला की आजची फेरी मारून येऊ, मी आहे ना. सोमवारचं सोमवारी बघता येईल. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सावळारामलाही क्षणभर मोह झाला. चार वर्षांचा प्रश्न होता.

"आन् तुला डुलकी लागली तर?" त्यानं विचारलं.

विनोदनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"तू हो पुढं. फोरमनसाहेबाला सांग, दुसरा ड्रायव्हर बघा. मी येतोच मागनं, माझ्या तोंडानं सांगायला. मेडिकलची वाट न्हाई बघत."

विनोद गेला. अंजनाबाईनं पदर खोचला, चपला घातल्या आणि विचारल्याशिवाय त्याच्यापुढं चालू लागली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि रस्ता खणून ठेवलेला. पहिल्याच खड्ड्याला त्याचा पाय अडखळला तसा त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तीस वर्षांत भर रस्त्यात त्यानं तिला कधी हात लावला नव्हता.

"लोक बघत्यात का गं?" त्यानं हळूच विचारलं.

चहाच्या टपरीवर त्याच्या ओळखीचे पाच-सात रेल्वेवाले कप हातात धरून थांबले होते.

"कुणी न्हाई," अंजनाबाई म्हणाली. "चला."