लवकरचा ठोका

असं समजा, की तुमच्या तळहातावर एक मिशी आहे. खोटी, काळीभोर, झुपकेदार, मागच्या बाजूला गोंद लावलेली. समोर तुमची आई स्टुलावर बसली आहे, तोंड वर करून, डोळे मिटून. ती मिशी तुम्हाला तिच्या ओठावर अगदी मधोमध चिकटवायची आहे. हसायचं नाही. हसलात की हात हलतो, हात हलला की मिशी तिरकी बसते, आणि मग मैदानभर लोक हसतात.

टकटक हे काम नेहमी न हसता करायची. आज मात्र तिचा हात मधेच थांबला. तंबूच्या दारातून दादा आत आले होते, आणि त्यांच्या मागून आलेल्या तरुणाला खरी मिशी होती.

"ताई, मिशी राहू द्या जरा," दादा म्हणाले. "एक बोलायचं होतं."

आईनं डोळे उघडले.

टकटक हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पेन्सिल, चमचा, कंगवा, हाताला लागेल ते ती टेबलावर वाजवत बसायची, म्हणून आईनंच ते ठेवलं होतं. वाजवण्याची खोड आली होती आईकडूनच. आई पहाटेपासून दुपारपर्यंत बेकरीत कणीक मळायची आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम वाजवायची. तिच्या बँडचं नाव होतं 'पुन्हा ते चौघे'. फार वर्षांपूर्वी 'ते चौघे' नावाचा एक बँड होता. त्यातले दोघं वारले, एकाचा पत्ता नाही, एक आजारी असतो. पण त्यांची गाणी लोकांना अजून हवी असतात. तेव्हा दुसरे चौघं त्यांच्यासारखे कपडे घालून, त्यांच्यासारखे केस विंचरून तीच गाणी हुबेहूब वाजवतात. याला ट्रिब्यूट बँड म्हणतात. चष्म्याच्या दुकानाचे मालक असलेले दादा त्यातले गायक झाले होते. आई ड्रम वाजवणारा झाली होती. त्या मूळच्या ड्रमवाल्याला मिशी होती.

"हा माझा भाचा," दादा म्हणाले. "आजचा कार्यक्रम तुम्हीच करा. पुढच्यापासून हा बसेल."

"बसू दे की. कुठे बसणार?"

"ड्रमवर."

तंबूबाहेर कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, हॅलो.

"लोक ते चौघे बघायला येतात, ताई. तीन बाप्ये आणि एक बाई बघायला येत नाहीत. मागच्या वेळी दुसऱ्याच गाण्यात तुमची मिशी घामानं सुटून ड्रमवर पडली. फोटो आहेत लोकांकडे."

"ठोका चुकला होता का?"

"ठोक्याचं कोण बोलतंय?"

"मी बोलतेय."

दादांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. ते वाईट माणूस नव्हते. ड्रम वाजवायला कुणी मिळत नव्हतं तेव्हा तेच बेकरीत येऊन आईची मनधरणी करून गेले होते, आणि त्यांना ते आठवतही असावं, कारण ते आईकडे न बघता तंबूच्या खांबाकडे बघून बोलत होते.

आईनं टकटकच्या तळहातावरची मिशी उचलली आणि भाच्यासमोर धरली.

"घे. लागली तर."

तो ओशाळला. "मला आहे, मावशी."

"तेच बघतेय. छान आहे. गोंदाचा खर्च वाचला."

मग तिनं मिशी दादांच्या हातावर ठेवली आणि टेबलावरच्या काठ्या उचलल्या.

"म्हणजे? बिनमिशीच्याच जाणार तुम्ही?" दादांचा आवाज चढला. "आज? एवढ्या गर्दीसमोर?"

"ते पद आता भाच्याचं झालं ना? मग मिशी त्याची. मी आपली आहे तशी जाते."

दादा आणि भाचा बाहेर गेले. टकटकनं आईचा दंड धरला. त्या दंडावर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग होते.

"आई, आपण घरी जाऊ."

"का म्हणून?"

"त्यांना वाजवून घेऊ दे त्याच्याकडून. आजच. बघू दे कसं जमतं ते."

"ड्रम कुणाचे आहेत?"

"आपले."

"गाडीतून कुणी उतरवले?"

"तू. आणि मी झांजा आणल्या."

"मग न वाजवता परत चढवायचे? माझी कंबर काय फुकटची आहे?" आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. हाताला गोंदाचा वास होता. "जा, पुढे जाऊन बस. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, नंतर गाणी ऐकायची आहेत."

टकटक रडली नाही. ती तरातरा चालत पहिल्या रांगेत जाऊन बसली.

ऊन कलायला लागलं होतं. मैदान नदीपर्यंत उतरत गेलेलं, आणि त्या उतारावर चादरी, सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, खांद्यावर बसलेली पोरं. पहिल्या रांगेत नेहमीच्या जागी टोपीवाले काका होते. 'पुन्हा ते चौघे'चा असा एकही कार्यक्रम नसेल ज्याला काका आले नाहीत. त्यांच्या टोपीवर मूळच्या चौघांचे चेहरे छापलेले होते. धुऊन धुऊन त्यातल्या दोघांची नाकं गेली होती.

"ये ये, मॅडम," काका सरकून बसले. "आज कसा आहे आमचा मिशीवाला?"

"मिशी नाहीये आज."

"म्हणजे? विसरली?"

"नाही. लावली नाही."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "असं कसं? ते तर… असं नसतं करायचं. आपण खऱ्यासारखं बघायला येतो."

"ती खरीच आहे," टकटक म्हणाली.

तेवढ्यात बँड स्टेजवर आला.

आधी थोडी कुजबुज झाली, मग हसू. मागून कुणीतरी ओरडलं, "मिशी नदीत वाहून गेली काय?" लोक आणखी हसले. आई ड्रममागे बसली, स्टूल अर्धी वीत पुढे ओढलं, काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि पहिलं गाणं सुरू केलं. दुसऱ्या गाण्यापर्यंत हसणारे पाय आपटायला लागले. तिसऱ्याला कुणी मिशीबद्दल बोलेना. काका डोळे मिटून मान हलवत होते. टकटकची बोटं गुडघ्यावर आपोआप चालायला लागली, आणि एकदा तिनं स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या भाच्याकडे बघितलं. तो तोंड उघडं टाकून आईच्या हातांकडे बघत होता.

आता तुम्हाला त्या ठोक्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

'ते चौघे' यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'पुलाखालची नाव'. या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात. गायक श्वास घेतो. अगदी सावकाश, लांब श्वास. आणि मग सगळे मिळून एकदम सुरू होतात. पण ज्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली, त्या कार्यक्रमात ड्रमवाल्याची घाई झाली. गायकाचा श्वास पुरा व्हायच्या आधीच त्यानं ठोका मारला. एकट्यानंच. धाड! गायकाला हसू फुटलं, आणि ते हसूही रेकॉर्डमध्ये आलं. झालं. लोकांना ती चूक इतकी आवडली, की तिला नाव मिळालं: लवकरचा ठोका. तेव्हापासून त्या जागी सगळे टाळी देतात. दादा त्या जागी हसतातही. ते हसू त्यांनी दुकानातल्या आरशासमोर बसवलं होतं.

आईनं ती चूक महिनोन्‌महिने घोटली होती. स्वयंपाकघरात रेकॉर्ड लावून, उलट्या घातलेल्या पातेल्यावर. "मुद्दाम चुकायचं म्हणजे बरोबर वाजवण्यापेक्षा अवघड गं," ती म्हणायची. टकटकनं एकदा विचारलं होतं, की चूक आहे तर आपण बरोबर का नाही वाजवत? आई पातेलं सरळ करून त्यात पाणी ओतत म्हणाली होती, "एकदा केली तर चूक. रोज करायला लावली की तिला काम म्हणतात."

शेवटचं गाणं तेच होतं.

गाण्यातली नाव पुलाखालून निघाली, दिवे मागे पडले, आणि सगळी वाद्यं थांबली. नदीवरून वारा आला. उतारावरची सगळी माणसं हात उचलून तयार होती. दादांनी माइकजवळ तोंड नेऊन श्वास घ्यायला सुरुवात केली.

धाड! टाळी वाजली. मैदानभराची एक टाळी, टकटकचीही त्यातच. दादा हसले.

पण ड्रम वाजला नव्हता.

टाळी नुसतीच वाजली होती, आणि दादा नुसतेच हसले होते. आईची काठी वर होती. गळ्यात अडकलेला तो अर्धा श्वास दादांनी कसाबसा पुरा केला, आणि तो पुरा झाल्यावर, नेमका झाल्यावर, आईनं ठोका मारला. गिटार दचकून मागून आली. शेवटचं कडवं कुणालाच धड गाता येईना.

"चुकली!" मागून ओरडा झाला. "चुकली, चुकली!"

"अरेरे," टोपीवाले काका उभे राहिले होते. "ऐन वेळी! एवढं सगळं छान केलं आणि ऐन वेळी घालवलं! कशी चुकली ती?"

"चुकली नाही," टकटक म्हणाली. पण ती हळूच म्हणाली, कारण तिचे हात अजून झणझणत होते. सगळ्यांबरोबर ते रिकाम्या जागेवर वाजले होते. आईचं वाजवणं ती जन्मापासून ऐकत होती आणि तरी तिनं आईसाठी थांबून बघितलं नव्हतं.

दादांनी हात वर करून गाणं थांबवलं. मैदान गप्प झालं. त्यांनी मागे वळून आईकडे बघितलं. माइक तोंडापासून लांब धरला होता, पण पहिल्या रांगेत ऐकू येत होतं.

"ताई, काय चाललंय?"

"गाणं चाललं होतं. तुम्ही थांबवलंत."

"लोक त्या ठोक्यासाठी आलेत."

"आणि मी ड्रम वाजवायला आलेय."

"शेवटचंच आहे ना तुमचं? नीट होऊ द्या की!"

"तेच करतेय, दादा. नीट."

दादांनी ओठ घट्ट मिटले. मग ते लोकांकडे वळले, आणि त्यांच्या तोंडावर परत ते गायकाचं हसू आलं. "माफ करा, मंडळी! उन्हाचा परिणाम. तेवढी जागा परत एकदा घेऊ, काय? आणि या वेळी तुम्ही आमच्या ड्रमला जरा आठवण करून द्या. एकदम जोरात!"

मैदान गरजलं. मागची माणसं उठून उभी राहिली. बापांनी पोरांना खांद्यावर घेतलं. काकांनी टोपी मागे सारून बाह्या वर केल्या आणि टकटकला म्हणाले, "चल, आपण दोघं मिळून सांगू तिला. ध्यानात आहे ना कुठे ते?"

"आहे," टकटक म्हणाली.

गिटार सुरू झाली. पुलाचे दिवे परत मागे पडले. आईनं कुणाकडेच बघितलं नाही. लोकांकडे नाही, दादांकडे नाही, कडेला उभ्या असलेल्या भाच्याकडेही नाही. तिच्या वरच्या ओठावर घाम चमकत होता आणि तिनं तो पुसला नाही.

सगळं थांबलं.

दादांनी श्वास घ्यायला सुरुवात केली. आईची काठी वर गेली. उतारावर हजारो हात वर गेले.

टकटक खुर्चीवर चढली. तिनंही हात वर केले. धाड करून टाळी कोसळली, पुढून, मागून, कानाशी काकांची. तिचे हात शिवशिवले, पण तिनं ते तसेच धरून ठेवले. काकांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. टाळी विरून गेली, दादांचं हसू विरून गेलं, नदीकाठचं एक कुत्रं भुंकून गप्प झालं, आणि एवढ्या मोठ्या मैदानात आता फक्त दोनच माणसांचे हात वर होते. ती आईच्या काठीकडे बघत राहिली. दादांचा श्वास पुरा होऊ दिला. मग काठी खाली आली, तशी तिनं टाळी वाजवली.