किळस नसलेली मुलगी

शहाण्णव सालच्या जुलैत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका संशोधन संस्थेत चार जणांची निवड झाली. चौघांनी तोवर जीवशास्त्राच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. एक भौतिकशास्त्राचा, तिघी रसायनशास्त्राच्या. अशा पदवीधरांना जीवशास्त्राकडे वळवून त्यांच्याकडून पीएचडी करून घ्यायची, अशी ती नवी योजना होती. पहिलं वर्ष प्रशिक्षणाचं आणि मग प्रत्येकाला विषय मिळणार. योजना डॉ. दिनानाथ ओगले यांची. खादीचा झब्बा, मऊ आवाज, आणि विद्यार्थ्यांना नावानं हाक मारायची सवय. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आजवर तुम्ही बाटलीतल्या पांढऱ्या पावडरी मोजल्यात. पण जीव पांढरा नसतो, कोरडा नसतो. त्याला वास असतो. तो तुमच्या हाताला कळला पाहिजे."

शुभदा गमरेला हे वाक्य फार आवडलं. घरी घणसोली गावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत तिनं ते आईला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

वासाचा अर्थ दुसऱ्या आठवड्यात कळला. बोकडाच्या आतड्याच्या आतल्या बाजूला एक चिकट थर असतो. तो खरवडून त्यातून एक विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळं काढायचं, हा पहिला मोठा प्रयोग. आतडी ताजी हवीत, म्हणून दर बुधवारी सकाळी शिरवण्यातल्या गोटीरामच्या मटणाच्या दुकानातून आणायची. "आळीपाळीनं जा," सर म्हणाले. "इथे कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही."

पहिला नंबर शिवतेजचा होता. शिवतेज साताऱ्याकडचा, भौतिकशास्त्राचा, उंचापुरा. गावच्या जत्रेतल्या बोकडाचं वर्णन करू लागला की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मंगळवारी संध्याकाळी तो शुभदाला म्हणाला, "अगं, माझी गाडी पंक्चर आहे. तुझी बस शिरवण्यावरूनच येते ना? एवढं उद्या आणशील? पुढचा नंबर तुझा आहे ना, तो मी करतो."

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गोटीरामनं आतडी प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून दिली तेव्हा ती अजून ऊन होती. बसमध्ये शुभदानं पिशवी पायांशी ठेवली. वळणावर ती कलंडली आणि घोट्याला लागली. ऊब, आणि आत काहीतरी घसरत गेल्यासारखं. शेजारची बाई नाकाला पदर लावून पुढे जाऊन उभी राहिली. शुभदानं दात आवळले. प्रयोगशाळेत आल्यावर आतडी नळाखाली धरायची होती. आतलं अर्धवट पचलेलं हिरवं गवत थंड मिठाच्या पाण्यानं धुऊन काढायचं, मग कात्रीनं उभी चिरायची आणि काचपट्टीनं खरवडायचं. काचपट्टीखाली शेंबडासारखा, पिवळट-गुलाबी लगदा जमू लागला. तो बर्फातल्या चंचुपात्रात पडताना होणारा आवाज ऐकून ती उठली, मागच्या दाराबाहेरच्या नळाशी गेली आणि सकाळची चहा-चपाती सगळी ओकून आली. तोंड धुतलं, केस सारखे केले आणि परत येऊन बसली. कोणाला काही कळलं नाही. कळू नये असंच तिला वाटत होतं.

संध्याकाळी त्या लगद्यातून गाळून काढलेल्या द्रवाचा एक थेंब तिनं परीक्षानळीत सोडला आणि पाण्यासारखं बिनरंगी रसायन बघता बघता पिवळंधमक झालं. विकर जिवंत होतं, काम करत होतं. सगळे ओरडले. शुभदा त्या पिवळ्या रंगाकडे बघत राहिली. रंग किती वेगानं चढतो, वेग कधी मंदावतो, का मंदावतो, असे प्रश्न तिच्या डोक्यात धावू लागले. हे तिचं क्षेत्र होतं. सकाळचं सगळं विसरायला ती तयार होती.

पुढच्या आठवड्यात शिवतेजला ताप आला. त्याच्या पुढच्या खेपेला नेरूळची सुनयना म्हणाली की तिनं श्रावण धरला आहे आणि महिनाभर असलं काही हाताळायचं नाही. चौथी राजलक्ष्मी गेली, दुकानाच्या दारातूनच रडत परत आली आणि दिवसभर तिला सगळ्यांनी लिंबू सरबत पाजलं. मग विचारणंच बंद झालं. बुधवार उजाडला की पिशवी शुभदानं आणायची, धुवायचीही तिनंच. बाकीचे तिघे खरवडायला बसत तेव्हा आतडी स्वच्छ, पांढरी, पुस्तकातल्या चित्रासारखी झालेली असत.

एकदा हात धुताना ती राजलक्ष्मीला म्हणाली, "पुढच्या बुधवारी तू जाशील का गं? माझ्या पोटात फार ढवळतं."

राजलक्ष्मीनं तिच्या दंडावर हात ठेवला. वाईट मुलगी नव्हती ती. अगदी मायेनं म्हणाली, "काहीतरीच काय! तू किती सहज करतेस. आम्हाला नाही गं जमत. तुमच्याकडे कसं, पहिल्यापासून सवय असते ना."

शुभदाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग राजलक्ष्मीच्या चेहऱ्यावरचं हसू तिनं नीट पाहिलं. त्यात ना खोच होती, ना कुत्सितपणा. नुसती खात्री होती. साबणाचा फेस मनगटावर तसाच ठेवून शुभदा उभी राहिली आणि तिला आतड्यांची आली नव्हती अशी शिसारी आली.

कारण तिच्या घरात वजरी, म्हणजे असली आतडी-कोथळा, कधी शिजलीच नव्हती. वडील पोपट गमरे टपाल खात्यात. त्यांच्या वडिलांनी कोकणातल्या गावात मेलेली ढोरं ओढायचं काम एके दिवशी सोडलं ते कायमचं, आणि तेव्हापासून घरात एक शिस्त आली. मासे चालत, अंडी चालत, रविवारी कधी कोंबडी. पण आतडी, मुंडी, पाय उंबरा ओलांडून येत नसत. पोपटराव त्याविषयी कधी भाषण करीत नसत. एखाद्या लग्नात ताटात तसलं काही आलं, तर ताट बाजूला सारून उठत, एवढंच. त्या घरात वाढलेल्या शुभदाला राजलक्ष्मीपेक्षा कांकणभर जास्तच किळस येत होती. पण तिच्या किळसेवर कोणाचा विश्वास नव्हता.

घरी आई दुर्गाबाईनं दोनदा विचारलं, "काय गो, कपड्यांना कसला वास येतोय?"

"केमिकलचा," शुभदा म्हणाली.

वर्ष संपत आलं तसे विषय वाटायचे दिवस आले. संस्थेत एक नवं यंत्र आलं होतं. दोन द्रव एकमेकांत मिसळल्या क्षणापासून, पापणी लवायच्या आत रंग कसा बदलतो ते मोजणारं. विकराचा वेग, त्यामागचं गणित, सगळं त्या यंत्रावर पाहता येणार होतं. त्या गणितात चौघांत शुभदाच पुढे होती, हे सर स्वतः वर्गात म्हणाले होते. शिवतेज तर तिच्याकडूनच समजून घ्यायचा.

सरांनी तिला खोलीत बोलावलं. "यंत्र शिवतेजकडे देतोय. भौतिकशास्त्राचा आहे, त्याला शोभेल. तुझ्यासाठी मी खास विषय ठेवलाय. वेगवेगळ्या प्राण्यांच्या आतड्यांतून, मूत्रपिंडांतून विकरं शुद्ध करायची. देवनारच्या कत्तलखान्यापर्यंत जाशील. तुझा हात बसलाय."

"सर, मला वेगाच्या अभ्यासात रस आहे."

"तो कोणालाही शिकवता येतो गं. पण तुझ्यासारखी किळस नसलेली मुलगी मिळणं दुर्मीळ. देणगी आहे ही."

"मला किळस येते, सर. पहिल्या दिवशी मी मागच्या नळावर ओकले होते. अजूनही येते."

सर हसले. लहान मुलाचं खोटं पकडल्यावर मोठी माणसं हसतात तसं. "येत असती तर आम्हाला दिसली नसती का?"

त्या संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगितलं. पोपटराव म्हणाले, "माझ्या बापानं काम सोडलं तेव्हा गावचे लोक असंच म्हणाले होते. तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला जमणार? हात जोडून म्हणाले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं बापू सांगायचे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नको जाऊस उद्यापासून तिथे."

"शिकायचं सोडायचं नाय," दुर्गाबाई आतून कडाडल्या. "पिशवी सोडायची."

बुधवारी शुभदा रिकाम्या हातांनी आली. एप्रन घातला, बर्फ तयार ठेवला, यंत्राशेजारच्या स्टुलावर बसली. थोड्या वेळानं सुनयनानं विचारलं, "आतडी कुठे आहेत?"

"माहीत नाही. आज कोणाचा नंबर आहे?"

कोणी कोणाकडे बघेना. सर आले, त्यांना कळलं. त्यांचा आवाज नेहमीइतकाच मऊ होता. "शुभदा, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे, सर. माझे नंबर केव्हाच संपले."

सरांनी शिवतेजकडे पाहिलं आणि संस्थेची जीप काढायला सांगितली. शुभदा वर्षभर बसनं जात होती. संस्थेला जीप आहे हे तिला ठाऊक होतं, पण ती पिशव्यांसाठी निघू शकते हे आज कळलं. शिवतेजबरोबर चपराशीही गेला. दोघे परत आले तेव्हा पिशवी चपराशाच्या हातात होती आणि शिवतेज रुमालानं कपाळ पुसत होता. "बाप रे! काय वास तो! गोटीराम म्हणतो, साहेब, तुम्ही कशाला आलात?"

सुनयनानं चक्क टाळ्या वाजवल्या. राजलक्ष्मीनं आपल्या रुमालावर कोलनवॉटर शिंपडून त्याला दिला. सर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! याला म्हणतात वैज्ञानिक वृत्ती." आणि कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी चहा आणि बटाटेवडे मागवले.

वडे आले. शेजारच्या बेसिनमध्ये चपराशी आतडी धूत होता आणि हे लोक चटणी लावून वडे खात, शिवतेजच्या मोहिमेची कथा ऐकत हसत होते. सरांच्या मिशीला चटणी लागली होती. हिरवं गवत, लगदा, गोटीरामच्या दुकानातल्या माशा, यांतलं काहीच शुभदाला या क्षणी इतकं ओंगळ वाटलं नाही जितकं ते हसणं वाटलं. तिच्यापुढे बशी सरकवली गेली. तिनं ती परत सरकवली.

"घे ना," सर म्हणाले.

"माझ्यासाठी कधी चहा आला नव्हता, सर."

हसणं थांबलं. सरांनी कप खाली ठेवला. "हे बघ, यात उगाच वेगळं काही आणू नकोस. माझ्या प्रयोगशाळेत असला विचार मी कधी केलेला नाही."

"मी काहीच आणलेलं नाही, सर. आज तर पिशवीसुद्धा नाही."

राजलक्ष्मीचे डोळे भरून आले. नंतर जिन्यात तिनं शुभदाला गाठलं, म्हणाली, "मी तसं काही म्हटलं नव्हतं गं, तू मनाला लावून घेतलंस." आणि तिचीच समजूत काढायची पाळी शुभदावर येतेय की काय असं झालं. शुभदा खाली उतरली.

तिनं मार्गदर्शक बदलून मागितला. संचालकांनी तिला दोनदा बसवून समजावलं की ओगल्यांसारखा सुधारक माणूस मिळायचा नाही. ती हो ला हो करत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला दुसऱ्या इमारतीत डॉ. मालतीबाई राजवाड्यांकडे पाठवलं. बाई निवृत्तीला आलेल्या, तुसड्या, कोणाशी फारसं न बोलणाऱ्या. "ओगल्यांचं वर्ष इथे धरणार नाही," त्यांनी सांगितलं. "पहिल्यापासून सुरू करावं लागेल. काही अडचण?"

"एकच आहे. मला किळस येते, बाई. फार येते."

मालतीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मलाही येते. म्हणून तर मी यीस्टवर काम करते. त्याला पावाच्या भट्टीसारखा वास येतो. चालेल?"

चाललं. नव्या यंत्राचं स्वप्न गेलं. बाईंकडे जुनाट उपकरण होतं, दर थोड्या वेळानं शून्यावर आणावं लागणारं. वेगाचं गणित मात्र तेच होतं आणि ते तिचं होतं. घरी नातेवाईक विचारत, अजून किती वर्षं? पोपटराव म्हणत, होईल तेवढी.

पावसाळ्यानंतर एका दुपारी ती खिडकीशी उभी होती. खालून ओगले सर त्यांच्या विद्यार्थ्यांना घेऊन कॅन्टीनकडे चालले होते. त्यांनी वर पाहिलं, तिला ओळखलं आणि मोठ्या आपुलकीनं हात हलवला. जणू काही घडलंच नव्हतं. शुभदाच्या घशाशी उमासा आला. तिनं तो गिळला, हात वर केला नाही, आणि प्रयोगाच्या पाण्याचं तापमान स्थिर झालंय का ते बघायला वळली.