शिस्तीचा मुलगा

सूर्यफुलाच्या बीचं एक टरफल, ओलं, दातांनी मधोमध चिरलेलं, मुकुंदच्या इस्त्रीच्या पँटवर गुडघ्याच्या थोडं वर येऊन चिकटलं होतं, आणि शेजारच्या सीटवरच्या चिनी बाईला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ती खातच होती. कट्, थू... कट्, थू... त्याने ते टरफल दोन नखांत धरून तिच्याच पुढच्या फळीवर ठेवलं, तरी तिने मान वर केली नाही. डब्याच्या टोकाला लाल आकड्यांत गाडीचा वेग दिसत होता – तीनशे चार, तीनशे सहा. काय करायचाय एवढा वेग? चांगशाहून ग्वांगझूला अडीच तासांत पोचून ही माणसं तिथे असे काय दिवे लावणार आहेत? दुसरी पुडी फोडतील, झालं.

शनिवार-रविवार जरा फिरून येतो, शाळेतल्या नागसेनकडे, असं त्याने मध्य प्रदेशात, बालाघाटला, फोनवर आईला सांगितलं होतं, आणि सकाळपासून स्वतःलाही तो तेच सांगत होता. खरं होतं ते वेगळंच. ज्या कंपनीच्या क्रेन तो भारतातल्या गिऱ्हाइकांना फोनवरून विकत असे, तिने त्याचं कंत्राट पुढे वाढवायचं नाही असं ठरवलं होतं. महिनाअखेर नोकरी संपणार आणि तिच्यासोबत व्हिसाही. मग बालाघाट. मग तीच पुढची खोली, जिथे बाबा आल्यागेल्याला ‘आमचा मुकुंद चीनमध्ये’ असं ऐकवत बसतात, आणि त्याच खोलीत, त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर, मुकुंद. नागसेनच्या बॅटरीच्या कंपनीत एक जागा होती. बुधवारी त्याने गुपचूप अर्ज पाठवला होता, नागसेनला एका शब्दाने न कळवता – मागायचं, आणि तेही नागसेनला!

मोबाइलवर नागसेनचा निरोप होता: ‘येजो रे. मी टेसनवर येऊन राह्यलो. जेवन इथंच करू.’ सहा वर्षं चीनमध्ये राहूनही याची जीभ बालाघाटजवळच्या उकव्यातून, त्याच्या गावातून, हलली नाही. मुकुंदच्या घरी ‘पानी’ म्हटलं की बाबा तिथल्या तिथे ‘पाणी’ म्हणायला लावत, सारं गाव हिंदीत बोलत असताना. आणि नागसेनशी मुकुंद नेहमी हिंदीतच बोलत आला – त्यात एक बरं असतं, अंतर राहतं. नागसेनचा बाप उकव्याच्या खाणीत मँगनीज फोडायचा, पोरगा शिकायला बालाघाटला रुख्माबाई नावाच्या आत्याकडे राहिला, आणि सहावीत नेमका मुकुंदच्या बाकावर येऊन बसला. याला इंग्रजी कोणी शिकवलं? मुकुंदने. पुढे इंजिनिअरिंगची सीट कशी मिळाली ते सगळ्यांना ठाऊक होतं, बाबा रोज पेपर वाचताना ते बोलूनही दाखवत. पण इथे, चीनमध्ये... इथे तर तसलं काही नव्हतं... या जागी मुकुंदचा विचार जरा घाईने पुढे सरकला. नशीब! बॅटऱ्यांचे दिवस आले, मँगनीजला भाव आला, आणि हा तर मँगनीजच्या ढिगाऱ्यावरच जन्मलेला. यात कर्तबगारी कसली डोंबलाची?

ग्वांगझूच्या त्या अवाढव्य स्टेशनवर नागसेन रबरी चपला घालून आला होता. चपला! त्याने मिठी मारली, बॅग काढून घेतली आणि वाटेत काकूंची तब्येत विचारली, बाबांचा गुडघा विचारला. मुकुंद हिंदीत हां-हूं करत राहिला. मनात तो वाक्य घोळवत होता. मागितल्यासारखं वाटू नये, सहज बोलल्यासारखं वाटावं असं वाक्य.

हॉटेलात गोल टेबलावर बसल्या बसल्या गरम चहाची किटली आली. नागसेनने मुकुंदपुढची वाटी, पेला, चमचा, जेवायच्या काड्या आपल्याकडे ओढल्या आणि त्यांच्यावर तो कढत चहा ओतून एकेक धुवायला घेतलं. आजूबाजूच्या टेबलांवरही तेच चाललं होतं. म्हाताऱ्या, पोरंसोरं, सगळे आपापली भांडी चहाने विसळून पाणी मोठ्या वाडग्यात टाकत होते. इकडची रीतच आहे, असं नागसेन म्हणाला. त्याने पेला आतून अंगठा फिरवून धुतला, झटकला आणि उपडा ठेवला...

...उपडा. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर. नववी-दहावीची दोन वर्षं नागसेन संध्याकाळी गणितं सोडवायला येई, आई त्याला चहा देई, आणि त्या स्टीलच्या पेल्याची जागा घराबाहेर होती. चहा पिऊन तो मागच्या नळावर पेला घासे, कट्ट्यावर उपडा ठेवी, आणि आई दारातून म्हणे, किती शिस्तीचा मुलगा आहे, नाहीतर आमचा मुकुंद. तो गेल्यावर तीच तांब्याने वरून, हात लांब धरून, त्या पेल्यावर पुन्हा पाणी ओतत असे. पुढे होस्टेलमध्ये मुकुंदने मित्रांना नागसेनच्या शिस्तीचा दाखलाही दिला होता, अगदी कौतुकाने. कळत नव्हतं का? कळत होतं. पुस्तकावरून डोळे वर करून तो ते रोज पाहत होता, आणि पुन्हा खाली घालत होता.

“दे, मी धुतो,” तो म्हणाला. मराठीत.

“बस न रे. पाव्हना हायेस तू. ज्याच्या घरचा पाव्हना, तोच धुते इथं.”

मुकुंदने त्याचा चेहरा निरखला. एखादा टोमणा, ओठाची एक मुरड तरी... तेवढं मिळालं असतं तर नागसेनला क्षुद्र ठरवून तो सुखाने जेवला असता. नागसेन काड्या पुसत होता.

“तुया अर्ज पाह्यला आमच्या मॅडमनं,” नागसेन म्हणाला. “बालाघाट दिसलं तं मले बोलावलं. वळखतेस का म्हने, मानूस कसा हाये?”

“मग?”

“लहानपनापासून वळखतो म्हनलं. कसा हाये ते सोमवारी सांगतो.”

एवढं बोलून त्याने वाफाळता मोमो उचलून मुकुंदच्या वाटीत ठेवला आणि गरम आहे, जपून खा, म्हणाला. घोळवून ठेवलेलं वाक्य आता कशाच्याच कामाचं नव्हतं. माणूस कसा आहे... मुकुंदने नागसेनच्या जागी बसून स्वतःकडे पाहिलं. त्या बाकावरून, त्या नळावरून. सकाळपासून टरफलांना, चपलांना, बोलीला वाटून उरलेली सगळी तुच्छता तिथून सरळ त्याच्या अंगावर आली, आणि तिला अडवायला त्याच्याजवळ काहीही नव्हतं. समोर नागसेन मन लावून जेवत होता. सोमवारी, सगळं आठवत असूनही, तो मॅडमना आपल्याबद्दल चांगलंच सांगेल, हे मुकुंदला दिसत होतं, आणि त्याच गोष्टीची त्याला भीती वाटू लागली.