ग्लानी

ओपीडीत नंबर लागेपर्यंत कृतिकाच्या पायांचे तुकडे पडले होते. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा, मयूर विहारहून बाबांना हाताला धरून मेट्रो, मग ही रांग. बाबांचं हिंदी भाजीवाल्यापुरतं, म्हणून दर वेळी दुभाषी तीच. तिचं मराठी तरी कुठे धड होतं! आई गेल्यावर बाबांनी, म्हणजे दत्तात्रयरावांनी, लहानग्या मुलीला वाईहून उचलून इथे दिल्लीत, पहाडगंजला मावशीकडे धाडलं, आणि पुढे वर्षाकाठी एकदा तोंड दाखवायला आले तर आले.

म्हातारपणी मात्र तिच्याच दारात आले. राग गिळून गिळून ती थकली होती. पण गेला महिनाभर बाबा खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा म्हणत, "फार ग्लानी येते गं." हिंदी शाळेत शिकलेल्या कृतिकाला ग्लानि म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं: केल्याचा पस्तावा. उशिरा का होईना, म्हाताऱ्याला उमगलं म्हणायचं! ती विरघळली. त्यांच्या भातावर तुपाची धार वाढली.

बीपी तपासून डॉक्टरांनी विचारलं, "और कोई तकलीफ़?"

"इन्हें बहुत ग्लानि होती है," ती म्हणाली.

"अच्छा. मन के डॉक्टर को दिखाइए, लिख देता हूँ. वैसे, किस बात की ग्लानि?"

तेच तर तिला इतकी वर्षं ऐकायचं होतं. "बाबा, कशाची ग्लानी येते?"

"कशाची म्हणजे? उठलो की येते. डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गळतात. परवा न्हाणीघरात पडता पडता वाचलो."

बाबांच्या मराठीत तो शब्द नुसत्या शरीराचा होता. कृतिकाला हसू आलं, रडू आलं आणि स्वतःची भयंकर चीड आली. डॉक्टरांचं पेन चालूच होतं.

"रुकिए, डॉक्टर साहब. मैंने ग़लत बताया. इन्हें चक्कर आते हैं, गिरने को होते हैं."

डॉक्टरांनी बाबांचं मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "नब्ज़ बहुत धीमी है. ईसीजी अभी कराइए. पहले बताना था ना!"

आणि ती महिनाभर तूप वाढत बसली होती.

"काय घोळ झाला?" बाबांनी विचारलं.

"हिंदीत ग्लानी म्हणजे वेगळं असतं."

"काय असतं?"

गोड बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "आपण जे केलं, त्याचं वाईट वाटणं."

बाबा बराच वेळ बाहीचं बटण लावत राहिले. ते काही लागेना. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना सांग, तीही येते म्हणावं."

"क्या कह रहे हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुछ नहीं," कृतिका म्हणाली. "घर की बात है."

तिने वाकून बाबांचं बटण लावलं आणि त्यांना हाताला धरून उठवलं, हळूच, अंधारी येऊ नये म्हणून.