एकसष्टावं लेकरू

वाटूरच्या पुढं एका वाडीवरच्या शाळेत संपत गुरुजींची नोकरी एका लेकरावर लटकली होती. साठ लेकरांना दोन मास्तर, एकसष्टावं आलं की तिसरा. संपत गुरुजी तिसरे. उद्या सायेब पट मोजायला येणार, आन् पटावर बराबर साठ! मंग गुरुजी 'अतिरिक्त'. जिल्ह्याच्या कोणत्या टोकाला फेकतील, नेम न्हाई.

गावात बिनशाळेची एकच उरली होती, रामराव आबांची नात आकांक्षा. तिला ओढायला इंग्लिश शाळेची पिवळी गाडी रोज दारात येऊन भोंगा वाजवायची, पण आबांनी अजून तिचं नाव कुठंच घातलं नव्हतं.

गुरुजी नवं दप्तर घेऊन पोचले. आबांनी दप्तराकडं बघितलंच न्हाई. चाळीस वर्षं आष्टीच्या बाजारात बैलांची दलाली केलेला माणूस. त्यांनी गुरुजींचा हात धरला, वरून रुमाल टाकला. बैलाचा भाव असाच ठरतो. तोंड मिटायचं, बोटं दाबायची.

आबांनी एक बोट दाबलं.

"एक हजार? देतो की, आबा."

बोट तसंच.

"दहा?" गुरुजींना घाम फुटला.

बोट आणखी घट्ट.

"आबा, लाख म्हणता का काय? मोटारसायकल इकावी लागंल हो!"

आबांनी रुमाल झटकला. "येडे का काय, गुरुजी? नात इकून राह्यलो व्हय मी? एक मास्तर. रोज. वर्गात. तुम्ही तिघं, आन् एक मतदार याद्या करून राह्यला, एक फॉर्म भरून राह्यला, एक मीटिंगला पळून राह्यला. लेकरं खिचडी खाऊन घरी."

चौदा वर्षांत सायबानं, पुढाऱ्यानं, बायकोनं गुरुजींकडं काय काय मागितलं होतं. शिकवणं कोणीच मागितलं नव्हतं.

"दिलं," ते कसंबसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सायबांनी पट मोजला. एकसष्ट. पद वाचलं. सायबांनी चहा घेतला आन् वाचलेल्या पदाच्या हातात कागद ठेवला. "गावातले हातपंप मोजा. जल्दी. संध्याकाळपर्यंत अहवाल."

खिडकीत आबा उभे. बोट वर.

थोड्या वेळानं वाडीनं कधी न बघितलेलं बघितलं. गुरुजी डोक्यावर फळा घेऊन पुढं, मागं पहिलीची लेकरं रांगेत, सगळ्यात मागं आबा. पंप आला की फळा टेकायचा, एक रेघ मारायची. पिवळी गाडी मागं अडकून भोंगा वाजवून दमली.

सरकारी यादीत पंप अकरा. लेकरांना सापडले नऊ.

"गुरुजी, दोन कोणी नेले?" आकांक्षानं विचारलं.

गुरुजींच्या हातातला खडू थांबला. "पोरी," ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी वजाबाकी?"

आबांनी रुमाल खांद्यावर टाकला आन् गाडीवाल्याला हातानंच सांगितलं, उद्यापासून येऊ नको.