हार नसलेला फोटो

“हिला काय म्हणून हाक मारायची, हनी?”

काकवीसारखा दाट, संथ आवाज. नंदाच्या हातातली लसणाची पाकळी ताटलीत पडली. आवाज काही त्या स्वयंपाकघरात नव्हता. तिथं फक्त तिची सून चारुता होती, आणि चारुतानं पुढे धरलेला फोन.

“आई, बघा ना,” चारुता म्हणत होती. “आमच्या ऑफिसनं यंदा त्या ईस्ट साइडच्या फेस्टिव्हलला स्पॉन्सर केलंय. शनिवारी आहे. ब्लॅक हिस्टरी, म्युझिक, क्विल्ट्स, पण सगळं तिथल्याच लोकांचं. आज टेबल कुठे लावायचं ते बघायला गेलो, तर रस्ताभर खांबांवर हे बॅनर. एक न्हावी आहे, एक ट्रम्पेट वाजवणारे आजोबा आहेत, आणि ही—”

“अर्नेस्टीन,” नंदा म्हणाली.

चारुतानं फोन स्वतःकडे वळवून फोटोखालचं नाव वाचलं. अर्नेस्टीन टॉलिव्हर, नर्स. “तुम्ही ओळखता हिला?”

“हॉस्पिटलात होती. आम्ही नवे होतो तेव्हा.”

एवढं बोलून नंदानं पुन्हा लसूण हातात घेतला. जेवणाच्या टेबलाशी तिचे यजमान मोरेश्वर वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसले होते. त्यांची पेन्सिल थांबली, पण मान वर झाली नाही.

“आहे का हो ती अजून?” नंदानं कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. “फोटोला हार नाहीये. म्हणजे आहे.”

“बरोबर,” मोरेश्वर म्हणाले. “चौकात बॅनर लागला की एकतर वाढदिवस, नाहीतर दहावा. हार नसला की वाढदिवस.”

चारुता हसली. नागपूरच्या चौकात तिनंही असे बॅनर पाहिलेच होते. तिघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही, की अमेरिकेत फोटोला हार घालायची रीतच नाही.

“मग मी येते शनिवारी,” नंदा म्हणाली.

“मीपण,” मोरेश्वर म्हणाले. मंडळाच्या गणपतीलाही न येणारा माणूस. चारुतानं भुवया उंचावल्या, नंदानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अमेरिकेतलं सुरुवातीचं ते वर्ष बर्फाचं होतं. लग्न होऊन नंदा मिरजेहून आलेली, मोरेश्वर रस्त्यांच्या खात्यात नवे इंजिनियर. पहिलं बाळंतपण. मुलगी झाली, पण रडली नाही. डॉक्टर म्हणाले, पाहू नका, त्रास होईल. मिरजेला ट्रंककॉल लागला तेव्हा सासरे म्हणाले, बारशाआधीच गेलेलं मूल. त्याला नाव नाही, सुतक नाही, दिवस नाहीत. विसरा आणि पुढच्याची तयारी करा. वाईट माणूस नव्हता. त्यांच्या आईनं तशी चार विसरली होती.

आणि मग दुपारी ती आली. भारदस्त, काळीसावळी, पांढऱ्या बुटांतून आवाज न करता चालणारी. तिच्या हातात पिवळ्या ब्लँकेटची गुंडाळी होती. “पाहू नको असं ज्यांनी सांगितलं त्यांना बाळं झालेली नाहीत,” एवढंच म्हणून तिनं ती गुंडाळी नंदाच्या कुशीत ठेवली. किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि ती बाई खुर्चीवर बसून काहीतरी गुणगुणत होती. शब्द नव्हते. पण जातं फिरतं तशी चाल होती, नंदाला ओळखीची वाटणारी.

मग तिनं विचारलं, हिला काय म्हणून हाक मारायची.

नंदानं सांगितलं. नाव महिनोन्‌महिने तयार होतं. ते ऐकून अर्नेस्टीन वाकली आणि तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ते नाव उच्चारलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे त्या बाईला कुठून ठाऊक असणार. पण त्या दुपारी तिनं आत्याचा मान घेतला, आणि नंदानं दिला.

मोरेश्वर बाळाला घेऊन गेले ते अंधार पडताना परतले. बुटांना चिखल होता, कोटावर बर्फ. कुठे, हे तिनं विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. चार वर्षांनी निमिष झाला, घर शहराबाहेर डब्लिन नावाच्या उपनगरात गेलं, मागे अंगण आलं, अंगणात कढीपत्ता टिकेना म्हणून तो कुंडीत आला. ते नाव मात्र तोंडात धरलेल्या लवंगेसारखं राहिलं. नंदानं ते चावलं नाही, टाकलंही नाही.

निमिषच्या वेळी अर्नेस्टीन एकदा डोकावली होती. पोराच्या गालाला बोट लावून म्हणाली होती, “याला बहिणीबद्दल सांगशील ना?” नंदा म्हणाली होती, हो.

शनिवारी सकाळी तिनं पिशवीत खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची पुरचुंडी ठेवली.

“ओटी?” मोरेश्वर म्हणाले. “तिला नारळाचं काय करायचं ते कळणार आहे का?”

“फोडून खाईल. तुम्हाला तरी दुसरं काय कळतं त्यातलं?”

चारुता ड्राइव्ह करत होती. निमिष कामासाठी रेडमंडला गेलेला. शहराच्या पूर्वेला येताच मागून मोरेश्वर म्हणाले, “इथं एक्झिट घे.”

“बाबा, जीपीएस पुढचा सांगतंय.”

“त्याला काय माहितीय. पुढे चर्चपाशी खोदून ठेवलंय.”

चर्चपाशी खरंच खोदून ठेवलं होतं. रस्त्यांच्या खात्यात जन्म गेला, नंदाच्या मनात आलं. सवय जात नाही.

रस्ता दोन्ही टोकांनी बंद केलेला. तळलेल्या माशांचा वास, ढोल, खुर्च्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्या, एका गाण्यावर रांगेनं एकच पाऊल टाकणारी तीन पिढ्यांची माणसं. दोरीवर वाळत घातल्यासारख्या क्विल्ट्स टांगल्या होत्या. नंदा एकीपाशी थांबली. शर्टाच्या बाह्या, पडद्यांचे तुकडे, कुणाचा तरी चौकड्यांचा फ्रॉक. “गोधडीच गं ही,” ती चारुताला म्हणाली, आणि क्विल्टवालीला विचारून तिनं टाके बोटानं चाचपले. एका तंबूत जुने फोटो होते: सिनेमाचं थिएटर, औषधांचं दुकान, ओळीनं घरं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं फोटोवर काठी टेकवली. “हे माझ्या बापाचं दुकान. आता तिथं हायवे आहे.” त्या हायवेवरून मोरेश्वर जन्मभर कामाला गेले होते. त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग त्यांना रताळ्याचा ‘पाय’ दिसला, खाली पिठाची पारी असलेला गोड पदार्थ.

“रताळं आहे. उपासाला चालतं,” ते म्हणाले.

“बाबा, त्यात अंडं असतं. आणि खाली मैदा.”

“अंडं दिसत नाहीये. आणि आज उपास कुठेय?”

अर्नेस्टीनचा बॅनर रस्त्याच्या शेवटच्या खांबावर होता. खाली एका टेबलाशी पिवळी ओढणी खांद्यावरून घेतलेली, साठीच्या पुढची एक बाई काचेच्या सुरईत पाणी ओतत होती. नंदा पिशवी छातीशी धरून तिच्यापुढे उभी राहिली. इतक्या वर्षांचं इंग्रजी अचानक कुठे गेलं कळेना.

“मी अर्नेस्टीनला भेटायला आले. तिनं माझ्यासाठी... मी पेशंट होते.”

बाईनं सुरई खाली ठेवली. “मी डेल्फीन. तिची मुलगी.” तिनं नंदाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग टेबलाला वळसा घालून आली आणि तिचा दंड धरला. “ममा मार्चमध्ये गेली, हनी. झोपेत गेली. त्रास झाला नाही.”

तोच आवाज. तीच काकवी.

नंदानं वर बॅनरकडे पाहिलं. हार नव्हता. हार नव्हता म्हणून तिनं खण निवडला होता, मोरपिशी, काठाला जर असलेला.

चारुतानं खुर्ची आणली. नंदा बसली आणि तिच्या मनात पहिल्यांदा आली ती आपलीच गोष्ट, त्याची तिला लाजही वाटली. त्या पोरीचं नाव या पृथ्वीवर दोन बायकांना माहीत होतं. आता एक उरली. आणि तिला मागच्या महिन्यात डॉक्टरांनी हृदयाची नवी गोळी सुरू केली होती. मी गेले की ते नाव कुणी घेतलंच नव्हतं असं होईल.

डेल्फीन माइकपाशी गेली. समोर एका मोठ्या कुंडीत कोवळं झाड होतं. लोक आपोआप गोळा झाले. ढोल थांबला.

“आपल्याआधी जे या वाटेनं गेले त्यांना हाक मारू,” डेल्फीन म्हणाली. “तुम्ही नाव सांगा, मी पाणी घालते.”

“अर्नेस्टीन टॉलिव्हर,” पहिलं नाव तिनंच घेतलं, आणि कुंडीत पाण्याची धार पडली.

“आशे,” सगळे म्हणाले.

“म्हणजे काय गं?” नंदानं विचारलं.

“आपलं तथास्तु असतं ना, तसं काहीतरी,” चारुता कुजबुजली. “आफ्रिकेतून आलेला शब्द आहे.”

एकेक नाव येत गेलं. कुणाचा आजा, कुणाची शाळेतली बाई, कुणाचा एकोणीस वर्षांचा भाऊ. मोठ्यानं घेतलेली नावं, रडत घेतलेली, एक तर हसत. प्रत्येक नावाला धार, प्रत्येक धारेला आशे.

“तर्पणच आहे की हे,” मोरेश्वर हळूच म्हणाले. “फक्त बाया करतायत.”

नंदाला आपली आत्या आठवली, मिरजेच्या अंगणात सडा घालताना गुणगुणणारी:

माझ्या अंगणात, रोज शिंपिते मी पाणी
ज्याचं त्याला पोचे, जेव्हा नाव घेई कुणी

नाव घेई कुणी. न घेतलं तर पाणी नुसतंच मातीत जायचं.

ती उठली. चारुताला वाटलं, आईंना बाथरूमला जायचंय. ती हात धरायला पुढे झाली. नंदानं तिचा हात बाजूला केला आणि गर्दीतून कुंडीपाशी गेली. साडीचोळीतली म्हातारी पाहून लोकांनी वाट दिली. डेल्फीननं माइक तिच्यासमोर धरला.

“कुणाला हाक मारायची, हनी?”

नंदानं मागे पाहिलं. मोरेश्वर उभे राहिले होते.

“मैना,” ती म्हणाली. माइकमधून स्वतःचा आवाज तिला परका वाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. “मैना. माझी मुलगी. अर्नेस्टीननं तिच्या कानात सांगितलं होतं.”

डेल्फीननं सुरई नंदाच्या हातात दिली. नंदानं स्वतः पाणी घातलं, थोडं बुडाशी, थोडं पानांवर.

“मैना,” डेल्फीन म्हणाली. गर्दीतून कुणी मायना म्हणालं, कुणी मेना. मग सगळे एकदम म्हणाले, “आशे.”

मोरेश्वरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

नंतर नंदानं डेल्फीनला पिवळ्या ओढणीचा पदर पसरायला सांगितला आणि तिची ओटी भरली. डेल्फीननं नारळ कानाशी हलवून पाहिला, आतलं पाणी ऐकलं आणि मान डोलावली.

गाडीत बसल्यावर चारुता बराच वेळ किल्ली फिरवेना. “आई,” ती शेवटी म्हणाली, “निमिषला माहितीय?”

“नाही.”

“मी सांगू?”

“मी सांगेन. आज फोन लाव त्याला, घरी गेल्यावर.”

चारुतानं गाडी काढली. बंद रस्त्याला वळसा घालून ती सिग्नलला आली आणि तिनं उजवा इंडिकेटर दिला.

“डावीकडे घे,” मोरेश्वर मागून म्हणाले.

“बाबा, हायवे उजवीकडे आहे.”

“माहितीय मला. डावीकडे घे. मग पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ, आणि टाकीच्या मागे एक फाटक आहे. पाचपर्यंत उघडं असतं.”

नंदा वळून त्यांच्याकडे पाहू लागली. टोपी अजून त्यांच्या हातातच होती. ते खिडकीबाहेर पाहत होते, येणाऱ्या रस्त्याकडे, रोजच्या वाटेकडे पाहावं तसे.

“तुम्ही येता इथं?”

“वर्षातून एकदा. ऑफिसातून यायचो आधी. आता लायब्ररीत जातो म्हणून सांगतो तुला.”

सिग्नल हिरवा झाला. चारुतानं इंडिकेटर बदलला.

“लहानसा दगड आहे,” मोरेश्वर म्हणाले. “तेव्हाच बसवून घेतलाय. आडनाव आहे त्याच्यावर, वर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती.” त्यांनी टोपीची कड बोटांनी सरळ केली, मग पुन्हा दुमडली. “मला नाव माहीत नव्हतं गं.”