स्टेजपुढची मोकळी जागा

शुक्रवारी शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून इश्बेल आणि मी नुसत्या चिप्स खायला निघालो होतो. वाटेत पबच्या दारावर 'आज तीन बँड' अशी पाटी दिसली. इश्बेल म्हणाली, "चल गं, घरी कोण वाट बघतंय?"

आत पहिला बँड वाजवत होता. चार पोरी, अगदी जीव तोडून. आणि आमचं ग्लासगो हातात बिअर धरून भिंतीला चिकटलेलं! पहिल्या बँडच्या पुढ्यात जायचं नाही, ही इथली जुनी खोड. स्टेजसमोर अर्धा हॉल रिकामा. माझं डोकंच सणकलं.

"पोरी घाम गाळताहेत आणि हे नुसते बघत उभे! चल पुढे."

"अगं, माझा गुडघा..."

"गुडघा गेला खड्ड्यात!"

मी तिला ओढत मधोमध नेलं. साठीच्या दोन बायका कामावरच्या बुटांत नाचायला लागल्या. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. पण गाणारी पोरगी आमच्याकडे बघून अशी काही ओरडली, की ड्रमवालीला दुप्पट चेव चढला. तिसऱ्या गाण्याला दहा जण पुढे आले, पाचव्याला भिंती मोकळ्या झाल्या.

शेवटी मुख्य बँड आला आणि रेटारेटी सुरू झाली. आम्ही मुकाट्याने मागे सरकायला लागलो. तेवढ्यात एका दाढीवाल्या धिप्पाड गड्याने गर्दीला हात आडवा घातला.

"मावशी, निघालात कुठे? ही जागा तुमची आहे."

शेवटच्या गाण्यापर्यंत आम्ही ती सोडली नाही. इश्बेलने गुडघ्याचं नावही काढलं नाही.